वर्गाच्या बातम्यांत आमचा मुलगा कुठेच नाही!

एप्रिल लागला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचे प्रश्न बदलतात. मोबाइल, जेवणाचे नखरे, अभ्यासाचा कंटाळा हे सगळं मागे पडतं आणि एकच तक्रार ऐकू येते: ‘वर्षभरात प्रत्येक मुलाचं काही ना काही झालं, आमच्याचं मात्र काहीच नाही.’ वर्ष संपताना वर्गाच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस पडतो. ॲन्युअल डेचा नाच, कमाटीबागेतली सहल, अक्षरस्पर्धा, गॅसशिवाय केलेली भेळ, आणि सगळ्यात शेवटी टीचरनी हौसेनं केलेलं न्यूजलेटर. आई ते मोठं करकरून बघते, मूल शेजारीच उभं असतं आणि प्रश्न येतो, ‘ह्यात तू कुठे आहेस?’

बडोद्यातल्याच एका मराठी घरातला तिसरीतला मुलगा. नाव आणि बारीकसारीक तपशील बदलून सांगते, त्याला अथर्व म्हणू. त्याची आई मात्र वेगळीच तक्रार घेऊन आली होती. ‘खोटं बोलायला लागलाय.’ चित्रकलेत पहिला आलो, प्राइझ शेवटच्या दिवशी मिळणार, असं त्यानं घरी सांगितलं होतं. आजीनं आनंदानं शेजारीपाजारी पेढे वाटले. मग न्यूजलेटर आलं, त्यात नाव भलत्याच मुलीचं.

‘मॅडम, आमच्या घरात असं कोणी बोलत नाही हो. हा कुठून शिकला?’

‘शाळेतून आला की तुम्ही त्याला पहिलं काय विचारता?’

‘हेच, आज काय काय झालं. कोणाला स्टार मिळाला, टीचरनी कोणाचं नाव घेतलं.’

‘मग तो काय सांगतो?’

‘आधी काहीतरी फालतू सांगत बसायचा. पंखा बंद पडला, कोणाचा दात पडला. मी म्हणायचे, ते राहू दे, तुझं सांग.’

‘ते राहू दे, तुझं सांग’ एवढं मी वहीत लिहून घेतलं.

मी मानसशास्त्रज्ञ ॲडलरच्या वाटेनं जाणारी आहे, हे माझ्याकडे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे. आल्फ्रेड ॲडलर यांनी पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात शाळांना जोडून मुलांसाठी सल्लाकेंद्रं काढली. तिथे पालक आणि शिक्षक यांना एकत्र बसवून बोलणं होई. मूल असं का वागतं, यापेक्षा ते हे कशासाठी करतं आहे ते बघा, हा त्यांचा आग्रह. ‘का’ विचारलं की आपण दोषी शोधायला लागतो: संगत, टीव्ही, सासरचं वळण. ‘कशासाठी’ विचारलं की मुलाला काय हवं आहे ते दिसू लागतं.

अथर्वला मी खोट्याबद्दल काहीच विचारलं नाही. कागद दिला आणि म्हटलं, ‘तुझ्या वर्गाचं वर्षाचं वर्तमानपत्र काढ. टीचरचं नाही, तुझं.’ मराठी, गुजराती, इंग्रजी सगळं एकत्र करून त्यानं झरझर लिहिलं. शुद्ध करून देते आहे:

‘मधला पंखा बंद. सगळे कडेला चिकटून बसले.’
‘डबा खाताना दात पडला. ठेपल्यात सापडला.’
‘सुरतहून नवी मुलगी आली. आधी रडायची, आता मॉनिटरवर ओरडते.’
‘चवळीचं रोप मेलं. दोघांनी जास्त पाणी घातलं.’

‘दोघं कोण रे?’

‘एक मी. पण हे घरी नाही सांगायचं.’

‘आई ओरडेल?’

‘नाही. ही न्यूज चालत नाही.’

‘मग कुठली चालते?’

‘प्राइझवाली.’

खोटं कुठून आलं, याचं उत्तर त्यानं स्वतःच दिलं होतं. ज्या बातमीला घरात गिऱ्हाईक होतं, ती त्यानं पुरवली. आईला फसवायचं त्याच्या मनातही नव्हतं, त्याला तिच्याशी गप्पा मारायच्या होत्या. वर्गाच्या फोटोत तो नसेल, पण त्या वर्गात इतक्या बारकाईनं वर्षभर नांदलेलं दुसरं मूल शोधून सापडलं नसतं.

पुढच्या भेटीत त्याच्या परवानगीनं तो कागद आईच्या हातात दिला. ती वाचत गेली. पंख्यापाशी चेहरा कोराच होता. दातापाशी थांबली, आणि हसू आवरेना. ‘ठेपल्यात? अरे मग त्या मुलानं काय केलं?’ तो खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ गेला आणि दात कसा सापडला, कोणी धुतला, कुणाच्या कंपासपेटीत ठेवला, सगळं हातवारे करून सांगत सुटला. तिनं एकदाही ‘तुझं सांग’ म्हटलं नाही. बोलता बोलता तो मध्येच थांबला. ‘आई, प्राइझ मला नव्हतं मिळालं.’ ती म्हणाली, ‘माहितेय मला.’ आणि लगेच, ‘चवळीत पाणी घालणारा दुसरा कोण?’

मी मध्ये एक शब्द बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं ही आमच्या कामातली सगळ्यात उशिरा येणारी विद्या, आणि ती मला आता बरी जमते.

तुमच्या घरीही हे न्यूजलेटर आलं असेल तर ते मुलासमोर तपासू नका. त्याच्याबरोबर बघा, आणि ‘हा कोण, इथे काय चाललंय’ असं विचारा. बक्षीस मिळालेल्या मुलाचं कौतुक करा, पण पाठोपाठ ‘आणि तू?’ नको. आपलं मूल फोटोत का नाही, हे ग्रुपवर लिहायचा मोह आवरा; विचारायचंच असेल तर टीचरना एकटं गाठून विचारा. मूल खोटं बोललं असेल तर ‘खरं सांग, मला सगळं कळलंय’ असा सापळा लावू नका. कळलंय ते सरळ सांगा आणि पुढे चला. पेढ्यांचं काय, असं अथर्वच्या आईनं विचारलंच होतं. आजीला आईनं सांगावं, शेजाऱ्यांना कुणीच काही सांगू नये.

इथे गुजरातेत गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढलं, पुढे आपल्या ताराबाई मोडकही त्या कामात आल्या. शिक्षा आणि बक्षीस दोन्ही नकोत, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या प्रगतिपत्रकातही मुलानं स्वतःबद्दल आणि सोबत्यांनी त्याच्याबद्दल काय सांगितलं याला जागा आहे. शाळेचं कार्ड बदलेल तेव्हा बदलेल. घरी प्रश्न बदलायला कुणाचा आदेश लागत नाही.

मात्र प्रत्येक वेळी गोष्ट इतकी सोपी नसते. वर्ष संपत आलं तरी मूल वर्गातल्या एकाही मुलाचं नाव घेत नसेल, रोज सकाळी पोट दुखत असेल, रविवारी नेमकं दुखत नसेल, डबा न उघडताच परत येत असेल, तर न्यूजलेटर बाजूला ठेवा. पोटासाठी आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि सुट्टी लागायच्या आत वर्गशिक्षिकेला भेटून मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर बसतं, एवढं विचारून या.