७२ हजार किमी झालेल्या सेकंड-हँड हिमालयनला मॅन्युअलमधलं वेळापत्रक अजूनही पाळायचं का?

हो, पाळायचंच. ७२ हजारांवर तर नव्या गाडीपेक्षा जास्त काटेकोरपणे. तुम्ही लिहिलंय की रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटरसायकल सेकंड-हँड घेतली, आधीच्या सर्व्हिसिंगची नोंद नाही, इंजिन एकदम स्मूथ आहे आणि मेकॅनिक म्हणतो, आवाज आल्याशिवाय उघडू नका. सप्टेंबरमध्ये हिमाचलमधल्या स्पितीला जायचंय. मी पुण्यात राहतो, माझीही ४११च आहे आणि मीटरवर लाखाचा आकडा मागे पडलाय. आवाजाची वाट बघण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही, आणि त्याचं मुख्य कारण टॅपेट आहेत, म्हणजे वॉल्व्ह दाबून उघडणारे भाग; त्यांच्यात आणि वॉल्व्हमध्ये ठरावीक बारीक गॅप लागते.

टॅपेट ढिले झाले की टकटक ऐकू येते, हे खरं. पण जास्त चाललेल्या इंजिनात बऱ्याचदा उलट होतं. एक्झॉस्ट वॉल्व्ह आणि त्याची सीट (बंद होताना तो टेकतो ती जागा) एकमेकांवर आपटून झिजतात, वॉल्व्ह थोडाथोडा वर सरकतो आणि गॅप कमी होत जाते. गॅप कमी झाली की आवाजही कमी होतो. म्हणजे इंजिन शांत वाटायला लागतं नेमकं तेव्हाच वॉल्व्ह पूर्ण बसेनासा होण्याची वेळ जवळ येत असते. वॉल्व्हची उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः सीटवर टेकल्यावर. टेकायला पुरेसा वेळ मिळाला नाही की कड जळते, कॉम्प्रेशन जातं, आणि मग हेड उतरवण्याशिवाय पर्याय उरत नाही. तुमच्या 'आवाज नाही'चा अर्थ चांगला असेल किंवा वाईट, ते फक्त फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची ठरावीक जाडीची पट्टी, सांगेल.

४११ मध्ये हे काम सोपं आहे. गॅप स्क्रू आणि लॉकनटने सेट होते, शिम (मापाच्या चकत्या) बदलण्याची भानगड नाही. इंजिन पूर्ण गार हवं; गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी पहिलं काम हेच करायला सांगा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला, वॉल्व्ह बंद असताना) आणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची पट्टी गॅपमध्ये घातली की ती किंचित ओढ देत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हलतो, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघायची. शेजारी उभे राहा. कानाने टॅपेट सेट करणारे हात अजून पुष्कळ आहेत.

मॅन्युअलमधला तक्ता तुमच्या आकड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पुढचं काही करायचं नसतं असा अर्थ होत नाही. तेच अंतर पुढे मोजत जायचं. आणि तक्त्यात किमीबरोबर महिनेही असतात: जे आधी येईल ते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे महिने चालूच असतात.

महिन्यांची ही अट सगळ्यात जास्त लागू पडते ब्रेक ऑइलला, आणि दुर्लक्षही सगळ्यात जास्त तिथेच होतं. डॉट ४ ग्रेडचं हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरलेला चालतो. शहरात फरक कळत नाही. पण मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामान आणि वरंधा घाटाचा उतार असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडत हँडलपर्यंत येतो. दर दोन वर्षांनी बदला, पुढचं आणि मागचं दोन्ही. तुमच्याकडे नोंद नाही, तेव्हा आत्ताच बदला. डब्यातलं ऑइल चहासारखं काळपट दिसत असेल तर विचारायचीही गरज नाही.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, घरीच बघता येईल. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटाने हळू फिरवा. अगदी सरळ आल्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलं. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. खटखट लागली तर कोनसेट ढिला आहे. फोर्क ऑइल किती जुनं आहे तेही माहीत नाही, तर त्याच खेपेला बदलून घ्या.

सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड घ्याल तेव्हा एक बघा. तक्त्यात काही कामं 'तपासा' असतात, काही 'बदला'. 'तपासा'समोर नुसती बरोबरची खूण होते. मी गॅपचं माप, ब्रेक पॅडची उरलेली जाडी, चेनची ढिलाई असे आकडेच लिहून मागतो आणि वहीत तारीख व किमीसह उतरवतो. दोन-तीन नोंदी झाल्या की झीज कुठल्या वेगाने होतेय ते दिसतं, आणि इतक्या चाललेल्या गाडीत खरी माहिती तीच.

वेळापत्रक ही शेवटची मुदत समजा. कोकणातली लाल माती किंवा स्पितीची धूळ खाल्ली असेल तर एअर फिल्टर मुदतीआधीच उघडा. चेन पावसात भिजली की त्याच संध्याकाळी पुसून ल्यूब करा. ऑइल मात्र ठरलेल्या ग्रेडचं, ठरलेल्या वेळी. दर महिन्याला बदलून किंवा वरून अ‍ॅडिटिव्ह ओतून काही मिळत नाही. तो पैसा चेनसेट आणि टायरवर घाला. टायरच्या कडेला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ७२ हजारांच्या गाडीवर नक्षी शिल्लक असलेला पण कडक झालेला टायर सहज सापडतो.

ही सगळी कामं निघण्याच्या आदल्या आठवड्यात करू नका. ऑगस्टच्या सुरुवातीला करा, मग सगळं सामान लादून महाबळेश्वर किंवा आंबोली करून या. परत आल्यावर टॅपेट कव्हर पाझरतंय का, अ‍ॅक्सलचे नट घट्ट आहेत का, चेन किती ढिली झाली ते बघा. काही राहिलं असेल तर ते इथे दुरुस्त होईल. स्पितीत काझाच्या पुढे कुंझुम खिंडीकडे सुटा भाग मिळायचा नाही.