‘घाशीराम’ पडद्यावर रुक्ष का वाटतो?

प्रश्न : आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानकापणी उरकली की मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्र रात्र नाटके होतात, आणि गाणे रंगले नाही तर नाटक पडले असेच समजतात. ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर पाहून मी भारावलो होतो. त्यावरचा १९७६ चा चित्रपट मात्र मोबाइलवर पाहिला तेव्हा रुक्ष वाटला. तो फसला, असे समजावे काय?
– एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : आपली निराशा समजण्यासारखी आहे, पण निकालाची घाई करू नये. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९७२ साली पुण्यात जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीतासह उभे राहिले, तेव्हा ओळीने डोलत गाणारे ब्राह्मण हीच त्यातली भिंत होती. बावनखणीकडे, म्हणजे पेशवाईतल्या पुण्यातील कलावंतिणींच्या वस्तीकडे, निघालेला भटजी आपण कीर्तनाला चाललो आहोत असे सूत्रधाराला सांगतो, भक्तिगीत बघता बघता लावणीच्या अंगाने जाऊ लागते, आणि भिंतीआड काय चालले आहे हे प्रेक्षकाला दिसत नसले तरी पुरते कळते. ही सारी करामत प्रेक्षक समोर, एका जागी बसलेला आहे यावर अवलंबून आहे. कॅमेरा भिंतीच्या मागेही जाऊ शकतो. त्यामुळे नाटक जसेच्या तसे टिपले असते, तर भिंतीची नुसती माणसांची रांग झाली असती.

हा चित्रपट काढणाऱ्या युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हच्या तरुणांनी ही अडचण ओळखली, असे मला वाटते. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप असे चार दिग्दर्शक एका चित्रपटाला असणे हे एरवी खिचडीचे लक्षण ठरावे; परंतु पटकथा तेंडुलकरांची आणि संगीत चंदावरकरांचेच असल्याने ही परक्यांनी केलेली मोडतोड नव्हे. त्यांनी लांबलचक, न तुटणारी दृश्ये योजली, ज्यांत नजर कुठे ठेवायची हे बऱ्याचदा आपल्यालाच ठरवावे लागते. सत्ताधीशाने एका माणसाला हाताशी धरावे, त्याच्याकडून हवे ते करून घ्यावे आणि काम सरताच त्याला जमावाच्या स्वाधीन करावे, ही कथा ऐन आणीबाणीत पडद्यावर आणणे हेही धाडसाचेच होते.

रंगमंचावर सत्ताधीश नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे इथेही नाना आहेत, आणि नानाने हाताशी धरलेल्या, पुण्यात उपरा ठरलेल्या कनोजी घाशीरामाच्या भूमिकेत, आपल्या पहिल्याच चित्रपटात, पंजाबी ओम पुरी आहेत. ही निवड मला फार मार्मिक वाटते. काही ठिकाणी चित्रपट रेंगाळतो, हे मात्र मान्य करायला हवे.

या चित्रपटाची प्रत बर्लिनच्या आर्सेनाल या चित्रपटसंस्थेत टिकली आणि तिचे डिजिटल रूप झाले, म्हणून तो आज आपल्यापर्यंत पोहोचतो. मोबाइलवर या लांब दृश्यांतले कोपऱ्यातले चेहरे हरवतात. तेव्हा आधी नाटकाची संहिता वाचावी आणि मग चित्रपट मोठ्या पडद्यावर पुन्हा लावावा. आपल्या भागातील नाट्यमंडळाचे कलावंत सोबत असतील, तर अधिक चांगले.