शाळेच्या तपासणीत माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा बीपी ११२ निघाला. लहान मुलांना खरंच बीपी असतो का? गोळी कायमची लागते का?

असतो. आणि "लेकराले कुठं बीपी असते काय?" म्हणून हसणारा माणूसही घरातच असतो. आमच्याकडे तो माझा साळा.

आमचं गाव दारव्ह्याकडे, यवतमाळ जिल्हा. त्या पावसाळ्यात सात वर्षांच्या पोराच्या पोटऱ्यांवर फोड आले, खाजवून चिघळले. हळद लावली, सुकले, विसरलो. पोळ्यानंतर दोन दिवसांनी बायको म्हणाली, "याचे डोळे पाहा जी, मधमाशी चावल्यावानी सुजले." लघवी कोऱ्या चहासारखी. साळ्याचं तालुक्याला मेडिकल आहे, त्यामुळे अर्ध्या खानदानाचा डॉक्टर तोच. त्यानं मोठ्या माणसाचा पट्टा पोराच्या काडीसारख्या दंडाला गुंडाळला, जवळजवळ दोन वेढे बसले. आकडा १०४. "एकदम नॉर्मल आहे भाऊजी. उष्णता झाली, सब्जा पाजा."

तीन दिवस पाजला. चौथ्या रात्री पोरगं डोकं धरून ओकायला लागलं, तेव्हा यवतमाळ गाठलं.

तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आधी मशीनला हातच लावला नाही. पोरगं रडत होतं, त्याला पाच मिनिटं नुसतं बसवलं, पायाखाली स्टूल दिलं. मग टेपनं दंडाचा घेर मोजला आणि चार पट्ट्यांतून एक निवडला. आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० ते १०० टक्के हवी, रुंदी निदान ४० टक्के. पट्टा मोठा तर आकडा खोटाच कमी येतो, लहान तर खोटाच जास्त. उजव्या हातावर, स्टेथो लावून मोजला: १२६/८६. नंतर पायाचाही मोजला, जांघेतली नाडी चाचपली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मापासून आवळलेली असली तर हाताचा बीपी जास्त आणि पायाचा कमी भरतो.

पोराचं ते नव्हतं. लघवीत रक्त आणि प्रथिनं निघाली. त्या फोडांतल्या जंतूंमुळे तीन ते सहा आठवड्यांनी किडनीला सूज येते, बीपी त्यानं चढतो. भरती केलं, लघवी उतरायचं औषध, बीपीचं औषध आणि अळणी जेवण. अळणी वरण पाहिलं की पोरगं ठेच्यासाठी भोकाड पसरायचं. काही आठवड्यांत गोळी सुटली, लघवीची तपासणी मात्र वर्षभर चालली.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर सहा वर्षांना वरचा आकडा १०५ च्या पुढे गेला की नीट तपासायचं असतं. १३ वर्षांच्या आतल्या मुलांना नुसतं १२०/८० पाहून चालत नाही, वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्ता पाहतात. पण एका मोजणीवर कोणी निदान करत नाही, वेगवेगळ्या तीन भेटींत जास्त यायला हवा. कधी चोवीस तासांचं मशीनही लावतात, कारण डॉक्टर दिसला की बऱ्याच लेकरांचा बीपी चढतो. शाळेत कोणता पट्टा लावला ते आधी विचारा. इतक्या लहान वयात किडनीचं कारण बरेचदा निघतं, म्हणून लघवी, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची तपासणी) आणि किडनीची सोनोग्राफी टाळू नका. गोळी किती दिवस, ते कारणावर आहे. वजन वाढलेल्या मोठ्या पोरांची गोष्ट वेगळी, तिथं आधी कुरकुरे-पापड बंद आणि खेळणं सुरू.

आणि हो, डोकं दुखून ओकारी, झटका किंवा अंधुक दिसणं असं काही झालं तर तीन भेटींची वाट पाहू नका, त्याच रात्री निघा.

साळा अजून लग्नाकार्यात सांगतो, "ते आपोआपच उतरलं असतं, बाईनं बिल काढलं." हा आजार बहुतेक लेकरांचा आपोआप ओसरतो, हे बाईंनीच सांगितलं होतं. पण ओसरेपर्यंत चढलेल्या बीपीनं झटके येतात, तेही सांगितलं होतं. तेवढं तो गाळतो. मेडिकलमध्ये लहान पट्टा मात्र आणून ठेवलाय, मी पाहिला.