विनिपेगला निघालात? गाडी बंद पडेल असं धरूनच कपडे घाला

प्रश्न: पुण्यात दहा वर्षं गाडी चालवतोय. जानेवारीत बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन कामानिमित्त कॅनडातल्या विनिपेगला जायचं आहे. उणे तीसमध्ये राहताना आणि गाडी चालवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर:

मी कोथरूडचा. विनिपेगमध्ये सहा हिवाळे काढून परत आलोय. तुम्ही मुलीचं वय लिहिलंत, म्हणून सविस्तरच लिहितो.

पुण्यातलं आजवरचं सगळ्यात कमी तापमान १९३५ च्या जानेवारीत नोंदलं गेलं, १.७ अंश. आपण आठ-नऊ अंशांनाच शेकोटी पेटवतो. विनिपेगला जानेवारीत रात्रीचा पारा सरासरीनेच उणे वीसच्या खाली असतो. पण खरं सांगू का, नुसत्या आकड्याची भीती बाळगू नका. तिथे घर गरम, गाडी गरम, ऑफिस गरम. त्यामुळे चार दिवसांत माणूस बाहेरची थंडी विसरतो आणि "दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणून स्वेटरवर बाहेर पडतो. घात होतो तो तिथे.

माझाच अनुभव सांगतो. दुसरा हिवाळा, फेब्रुवारीतला रविवार. मी एकटा ब्रँडनला निघालो होतो. साधारण दोनशे किलोमीटर, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट शेतं. हीटर चालू होता म्हणून अंगात नुसता स्वेटर, पायात ऑफिसचे बूट, जाडा कोट आणि हातमोजे डिकीत. वाऱ्याने भुरभुर बर्फ रस्त्यावरून वाहत होता. गाडी अलगद घसरली आणि कडेच्या चरात मागच्या अंगाने जाऊन बसली. मला काही लागलं नाही, इंजिनही चालू होतं. पण डिकी बर्फात रुतली, ती उघडेना. सायलेन्सरचं तोंडही बर्फात गेलेलं. ते बुजलेलं असताना इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो आणि त्याला वास नसतो, हे एका सहकाऱ्याने पहिल्याच वर्षी बजावलं होतं. मी इंजिन बंद केलं, उतरलो आणि उघड्या हातांनी बर्फ उकरला. पाचेक मिनिटं लागली असतील. परत आत बसलो तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं टोकाला मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती. दुसऱ्या हाताने दाबून पाहिली, तर दुसऱ्याच कुणाची बोटं असावीत तशी. दुखत नव्हती, आणि तेच वाईट लक्षण. काखेत हात धरून बसलो. टोइंगवाला यायला दीड तास लागला. बोटांत रक्त परत फिरलं तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं. आज इतक्या वर्षांनीही डिसेंबरात पहाटे बाइकवर निघालो की तीच तीन बोटं आधी बधिर होतात.

म्हणून सांगतो, गाडी चालणार आहे असं धरून कपडे घालू नका, बंद पडणार आहे असं धरून घाला. कोट, कानटोपी, हातमोजे मागच्या सीटवर, हाताला येतील असे ठेवा. डिकीत नाही. सोबत ब्लँकेट, छोटं फावडं, टॉर्च, जंपर केबल, चिक्की किंवा सुका मेवा, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी, आणि डब्यात जाड मेणबत्ती व काडेपेटी. ती एक मेणबत्तीसुद्धा बंद गाडीत बरीच ऊब देते, फक्त काच बोटभर उघडी ठेवायची. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडी लांबून दिसते, वादळात माणूस दिसत नाही. सायलेन्सर मोकळा करून तासाला दहा मिनिटं इंजिन चालवायचं, तेव्हाही काच थोडी खाली. मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. गारठ्यात त्याची बॅटरी बघता बघता उतरते.

कातडी पांढरी, मेणचट, बधिर झाली तर चोळू नका. बर्फ तर अजिबात चोळू नका, आपल्याकडे कुणी ना कुणी तो सल्ला देतंच. कोमट पाण्यात धरा, ३७ ते ३९ अंश, म्हणजे कोपर बुडवून सोसेल इतपत. शेगडीवर किंवा हीटरवर शेकू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. कॅनडाचं हवामान खातं वाऱ्यासकट भासणाऱ्या थंडीचा आकडा रोज देतं, सकाळी तोच बघायची सवय लावा. तो उणे २८ ते ३९ असेल तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे ४० ते ४७ असेल तर पाच ते दहा मिनिटांत. माझी बायको पहिल्या वर्षी कानात कुड्या घालून बसस्टॉपवर उभी राहिली. कानाची पाळी नेमकी कुडीच्या दांडीभोवती पांढरी पडली. धातू ऊब ओढून घेतो. बाहेर जाताना तुमच्या घरच्यांनी कानातलं काढून ठेवावं आणि कान टोपीत झाकावेत.

कुणी कुडकुडायचं थांबलं, बरळायला लागलं, हातातून वस्तू पडायला लागल्या तर "आता बरं वाटतंय वाटतं" असं समजू नका. शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं की असं होतं. लगेच आत घ्या, ओले कपडे काढा आणि ९११ या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन करा. ब्रँडीचा घोट देऊ नका. त्याने वरवर गरम वाटतं, आतली ऊब मात्र निघून जाते.

कपड्यांचं थोडक्यात: आतून सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारा कोट. हातमोजे पाच बोटांचे नकोत, चारही बोटं एकत्र राहतात तसले घ्या. बूट जाड मोज्यांसकट सैल बसायला हवेत. ही खरेदी तिथेच करा.

गाडीला ब्लॉक हीटर आहे ना ते घेतानाच बघा. पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबकळत असतो. पार्किंगमध्ये त्यासाठी पॉइंट असतात. हा हीटर कूलंट, म्हणजे इंजिनभोवती फिरणारं द्रव, गरम ठेवतो, त्यामुळे इंजिन सुरू व्हायला सोपं जातं. सुरू करण्याआधी तीन-चार तास पुरतात, टायमर लावा. सेकंडहँड घेणार असाल तर बॅटरी तपासून घ्या, कडक थंडीत तिची ताकद बरीच कमी होते. टायर डोंगर आणि हिमकणाचं चित्र असलेलेच हवेत. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत, मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, सक्ती नाही, तरी घ्याच. साध्या टायरचं रबर सात अंशांखालीच कडक व्हायला लागतं. काच धुवायच्या टाकीत आपल्या सवयीने नळाचं पाणी ओतू नका, उणे चाळीसला चालणारं द्रव मिळतं ते भरा.

चालवताना सगळ्यात अवघड जातं ते अंतर ठेवणं. सिंहगड रोडवर पुढच्याच्या बंपरला चिकटून चालवायची आपली सवय असते. तिथे त्याच्या अनेक पट अंतर लागतं. चौकात गाड्या थांबून थांबून बर्फ आरशासारखा गुळगुळीत होतो. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार हवा लागते. घसरलात तर दोन्ही पायडलांवरून पाय काढा आणि जिथे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग वळवा. एबीएसचा, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारा, ब्रेक पायाखाली थरथरला तर घाबरून सोडू नका, दाबूनच धरा. पहिल्या आठवड्यात एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये मुद्दाम घसरवून बघा. मी ते केलं नव्हतं.

बाळाच्या सीटबद्दल मात्र हे नक्की पाळा: मुलीला फुगीर जॅकेट घालून पट्टे लावू नका. धक्का बसला की जॅकेट चेपतं, पट्टा ढिला पडतो आणि मूल त्यातून निसटू शकतं. पातळ कपड्यांवर पट्टे घट्ट आवळा आणि वरून ब्लँकेट पांघरा.

घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते पहिल्याच दिवशी बघा. वादळानंतर घर गरम करणाऱ्या भट्टीची भिंतीबाहेर निघालेली नळी बर्फाने बुजली नाही ना तेही. ओव्हन उघडा ठेवून खोली तापवू नका, आणि गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून गरम करू नका, दार उघडं असलं तरी.

जानेवारीत उतरताय, म्हणजे विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंतची पहिली शंभर पावलं पुण्याच्या कपड्यांतच चालावी लागतील. मुलीची कानटोपी, हातमोजे, जाड मोजे आणि एक शाल हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनची बॅग मागे राहू शकते.