रॅममध्ये खोट आहे, लिनक्स चालेल का?

प्रश्न : सेलूत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लिनक्सचा पीसी सकाळी नीट चालतो, दुपारी अचानक अडकतो. रॅम गेली म्हणायची का?

शक्य आहे, पण आधी तपासा. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्या (यूईएफआय, म्हणजे नव्या बूट-पद्धतीच्या मशीनला ६.०० किंवा पुढची आवृत्ती) आणि चाचणी भर दुपारीच लावा. पत्र्याखालच्या दुकानात मे महिन्यात जी चूक दिसते, ती सकाळी सातला दिसेलच असं नाही. लाल ओळी, म्हणजे चुका, आल्या तर रॅमची स्टिक (पट्टी) काढून पिना कोरड्या कापडाने पुसा आणि एकेक स्टिक लावून पाहा. एकच चुकत असेल तर ती काढून टाका, बाकी खटाटोप नको. एकाच स्लॉटमध्ये (खाचेत) दोन्ही चुकत असतील तर संशय स्लॉटवर घ्या.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपची रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली आहे. चुका मेमरीतल्या एकाच पत्त्याजवळ (जागेच्या क्रमांकाजवळ) येतात. काय करू? (उदगीर)

हीच खराब जागा वगळायची खरी केस. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) बूट होताना 'मेममॅप' पर्याय द्या : आधी आकार, मग डॉलर चिन्ह, मग सुरुवातीचा पत्ता. खराब पत्त्याच्या मागे-पुढे थोडी जागा धरून १ एमबी सोडा. ८ जीबीत ती कुणाला जाणवत नाही. घोळ होतो तो डॉलरपाशी. ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, त्याला व्हेरिएबल (बदलत्या मूल्याचं नाव) समजून गिळतो, मग कर्नलला नुसतं '१ एमबी' दिसतं आणि एकूण मेमरीच तेवढी मानल्यामुळे मशीन उठत नाही. म्हणून ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये डॉलरआधी तीन उलट्या तिरप्या रेघा लागतात. पण आधी बूट मेनूत 'ई' दाबून एकदाच करून बघा. तिथे एकच रेघ पुरते आणि बिघडलं तर रीस्टार्टने सगळं पूर्ववत. जमलं की फाइलमध्ये लिहून अपडेट-ग्रब चालवा.

पत्ते उतरवायचा कंटाळा असेल तर कर्नलचा 'मेमटेस्ट=४' पर्याय बूट होताना स्वतः तपासून खराब जागा बाजूला ठेवतो, कर्नलमध्ये ती सोय असेल तर. मला मात्र तो पुरेसा वाटत नाही; थंड मशीनवर घाईची तपासणी गरम झाल्यावरची चूक हमखास पकडेल कशी?

प्रश्न : मग विंडोजही सुरक्षित झालं का?

नाही. ही सेटिंग फक्त लिनक्सची. विंडोजला त्याच्या बीसीडीएडिट या बूट-सेटिंगच्या आज्ञेतून खराब जागांची वेगळी यादी द्यावी लागते.

प्रश्न : हे करण्याआधी त्याच मशीनवर सगळ्या फोटोंचा बॅकअप घेतला. चालेल ना? (परभणी)

भरवसा नको. खराब रॅममधून जाताना फाइल गुपचूप बदलू शकते. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून मूळ आणि कॉपी दोन्हींचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवा, मगच जुनं पुसा. आणि पुढे नव्या पत्त्यांवर चुका दिसू लागल्या तर यादी वाढवत बसू नका, बोर्डाची किंमत विचारा.