बॅकअप कॅमेरा बदलायचाय, तर पैसे बॉडीत (म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात) घालू की लेन्समध्ये?

तुमच्याकडे मुख्य कॅमेरा सोनी ए७ थ्री आहे, त्यावर टॅमरॉनची २८-७५ मिमी झूम लेन्स (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ). बॅकअपला जुना ए६००० आणि त्याच्यासोबत आलेली १६-५० किट लेन्स. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत आणि सप्टेंबरात कास, ठोसेघर, वाई असा फेरा ठरलाय. मी साताऱ्याचाच, म्हणून स्पष्ट सांगतो: लेन्स घ्या. ए६००० अजून वर्षभर सहज चालेल.

नवी बॉडी घेतलीत तरी तुम्ही आत्ता काढता तेच फोटो काढाल, फक्त जरा आरामात. कासला अडचण वेगळीच असते. वाट सोडून फुलांत पाय ठेवायचा नाही, आणि तेरड्याचा दाट पट्टा नेमका पन्नास पावलं आत असतो. २८-७५ ने तिथे फोटोत अर्धं आभाळ येतं. वाटेवरच उकिडवं बसून २०० च्या आसपास झूम केलंत की मधली रिकामी जागा दिसेनाशी होते आणि गुलाबी गालिचा मिळतो. ठोसेघरचा धबधबाही दरीच्या अलीकडूनच बघायचा असतो.

म्हणून टॅमरॉनची ७०-३०० बघा. वजन ५४५ ग्रॅम, फिल्टर ६७ मिमीचा, म्हणजे तुमच्या २८-७५ चाच पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) तिला बसेल. दुकानदार बहुतेक सिग्मा १८-५० किंवा टॅमरॉन १७-७० पुढे करेल. लेन्स म्हणून दोन्ही उत्तम, पण त्या क्रॉप सेन्सरसाठी, म्हणजे ए६००० सारख्या लहान सेन्सरसाठी बनवलेल्या. ए७ थ्रीवर लावल्या तर २४ पैकी जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात. उद्या ए६००० ने मान टाकली की ती लेन्सही अडकून पडली. फिरतीवरची लेन्स दोन्ही बॉडींवर पूर्ण चालली पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

आता जोडी कशी लावायची? ७०-३०० ला स्वतःचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही, ए६००० लाही नाही. धुक्यात उजेड कमी असताना ही जोडी हातात धरून फोटो हलणारच. म्हणून झूम ए७ थ्रीवर, कारण त्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे. ए६००० वर किट लेन्स. तिच्यात ते आहे, शिवाय मेणवलीचा घाट वाड्यासकट एका फ्रेममध्ये घ्यायला १६ लागेलच. ती विकू नका, विकून येणार तरी किती! दोन्ही कॅमेरे गळ्यात असले की पावसात लेन्स बदलायची वेळ येत नाही, आणि पठारावर सेन्सरचा घात तिथेच होतो. फक्त ए६००० ला पाण्यापासून काही संरक्षण नाही, तो रेनकोटच्या आत ठेवा. ऊन पडलं की लेन्सची अदलाबदल करा: ३०० ला दीड मीटर इतक्या जवळही फोकस होतो, आणि क्रॉपमुळे सीतेच्या आसवांसारखी नखाएवढी फुलंही बऱ्यापैकी मोठी मिळतात.

लेन्स सेकंडहँड घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती फंगस, म्हणजे बुरशी. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आमच्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते.

पुढच्या वर्षी बॉडी घ्याल तेव्हा आधी बॅटरी बघा. ए६४०० स्वस्तात दिसेल, पण त्यात तुमच्या ए६००० चीच जुनी एफडब्ल्यू५० लागते आणि बॉडीत स्टॅबिलायझेशनही नाही. ए६६०० किंवा ए६७०० घ्या. दोन्हींत ए७ थ्रीचीच एफझेड१०० चालते, म्हणजे एकच चार्जर आणि तीन बॅटऱ्यांत सगळं भागतं.