जुन्या ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यावागण्याचा नव्या विश्वासणाऱ्यांवर खरंच परिणाम होतो का?

हो, होतो, आणि बोलण्यापेक्षा वागण्याचा जास्त. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण नव्या करारातच आहे, गलतीकरांस पत्र २:११-१४. अंत्युखिया शहरात येशूचा प्रेषित पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि सुंतावाल्यांच्या, म्हणजे सुंतेचा आग्रह धरणाऱ्या यहूदी गटाच्या, भीतीने तो हळूच वेगळा बसू लागला. त्याने कुठलीही नवी शिकवण दिल्याचं तिथे लिहिलेलं नाही. नुसता ताटावरून उठला म्हणा ना. पण बाकीचे यहूदी विश्वासणारे त्याच्या मागे गेले, अगदी पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा. म्हणूनच हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने पेत्राला सर्वांसमोर धारेवर धरलं. चूक चारचौघांत झाली होती, त्यामुळे खाजगीत समजावून भागलं नसतं, असं मला वाटतं. १ तीमथ्य ४:१२ मध्ये पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला बोलणे, वर्तन, प्रीती, विश्वास आणि शुद्धता यांत ‘कित्ता’ व्हायला सांगितलंय. मराठी भाषांतरातला हा शब्द मला फार नेमका वाटतो: मूल कित्ता गिरवतं तेव्हा अक्षराचं वाकडं वळणही तसंच उचलतं. १ करिंथ ८ मध्ये तर पौल म्हणतो, मूर्तीला वाहिलेलं मांस खाण्यात गैर काही नसलं तरी त्यामुळे भाऊ अडखळणार असेल तर मी मांसच खाणार नाही.

फक्त एक लक्षात घ्या: परिणाम होतो म्हणजे दुसऱ्याची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते असं नाही. रोमकरांस १४:१२ प्रमाणे प्रत्येकाला देवाला आपापला हिशेब द्यायचा आहे.